दहाव्या मजल्याचं दार

दार उघडं असताना लिफ्ट हलत नाही. हलूच शकत नाही. दाराचं कुलूप बसल्याची खूण मिळाल्याशिवाय वरच्या मोटरला वीज पोचत नाही, मग आत राजपुत्र उभा असो नाहीतर नळ दुरुस्त करणारा. ही साधी गोष्ट जगाला समजावण्यात ज्या माणसाची बत्तीस वर्षं गेली, त्याच्याच घरात, त्याच्याच टीव्हीवर, रोज संध्याकाळी साडेसात वाजता एक लिफ्ट सताड उघड्या दारानिशी वर जात होती. आणि त्याने गप्प बसून ते बघावं अशी त्याच्या बायकोची अपेक्षा होती.

हे गृहस्थ म्हणजे निवृत्त वरिष्ठ उद्वाहन निरीक्षक. ही अक्षरं त्यांच्या दारावरच्या पितळी पाटीवर होती. पण इमारतीत सगळे त्यांना 'लिफ्टकाका' म्हणत. पहिली काही वर्षं त्यांनी 'उद्वाहन, उद्वाहन' असं सुचवून पाहिलं. एकदा इमारतीच्या सेक्रेटरींनी प्रयत्न करून 'उद्वाहनकाका' अशी हाक मारलीही, पण ती ऐकून काकूंनाच हसू आवरेना. मग काकांनी तो नाद सोडला. मनातून मात्र सोडला नाही.

तर ती मालिका. 'दहाव्या मजल्यावरचं चांदणं' असं तिचं नाव. नायिका एका नऊ मजली इमारतीत नोकरीला. एक दिवस लिफ्टमध्ये ती डोळे मिटून चार आणि सात ही बटणं एकदम दाबते, आणि लिफ्ट जाऊन थांबते ती दहाव्या मजल्यावर, जो मजला त्या इमारतीला मुळात नाहीच. तिथे बाग, बागेत कायमचं चांदणं, आणि चांदण्यात तिची तीनशे वर्षं वाट पाहत थांबलेला राजपुत्र.

काकांचा कल्पनेला विरोध होता असं कोणी समजू नये. ते स्वतःच म्हणत, "राजपुत्र तीनशे वर्षं एका बागेत उभा राहिला, मान्य. तीनशे वर्षांत त्याच्या सदऱ्याची इस्त्री मोडली नाही, तेही मान्य. ही बाई चालली की तिच्या पावलांतून फुलं उगवतात. उगवू देत, फुलांचं खातं आमच्याकडे नव्हतं. पण लिफ्ट आमच्याकडे होती!"

प्रेमाबद्दलही त्यांची ठाम मतं होती. दोन माणसांना एक वाक्य बोलायला चार भाग लागतात, मधल्या काळात कॅमेरा याच्या तोंडावर तीनदा जातो, तिच्या तोंडावर तीनदा जातो, आणि मागे कोणीतरी बासरी वाजवत बसतो. तेवढ्या वेळात आपण एक अख्खी इमारत तपासून, सही करून, चहा पिऊन बाहेर पडलो असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात तो राजपुत्र रोज नायिकेला विचारायचा, "दमलीस का?" यावर काका हमखास भडकत. "लिफ्टने आली ना ती? दमायला काय झालं? जिने चढून आली असती तर विचारणं ठीक होतं!"

काकू अशा वेळी एकदा त्यांच्याकडे बघत आणि पुन्हा टीव्हीकडे बघत. बेचाळीस भाग त्यांनी हे सोसलं. त्रेचाळिसाव्या भागात राजपुत्राने प्रथमच नायिकेचा हात हातात घेतला. बासरी थांबली. चांदणं जरा जास्तच पडलं. तो ओठ उघडणार, तीनशे वर्षांचं काहीतरी बोलणार, इतक्यात मागे लिफ्ट खाली जाताना दिसली आणि काका खुर्चीतून उठून ओरडले, "दार! अरे दार लावा आधी! माणूस पडेल त्या खड्ड्यात!"

राजपुत्र काय बोलला ते काकूंना कधीच कळलं नाही. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काकांना सवयीचं होतं. त्यांनी शांतपणे टीव्ही बंद केला, चष्म्याचं घर उचललं, पाठीमागची उशी काखेत मारली आणि पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघून गेल्या. ती बाई एकटी राहायची, तिच्याकडे मोठा टीव्ही होता, आणि लिफ्टबद्दल तिला काहीही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून हा क्रमच झाला. सात वीसला उशी निघायची, सव्वाआठला परत यायची. काकांसाठी थर्मासमध्ये चहा भरून ठेवलेला असे. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, बरं झालं, घरात शांतता. दुसऱ्या दिवशी ती शांतता त्यांच्या अंगावर आली. पूर्वी मालिका संपली की तासभर भांडण व्हायचं: तो खलनायक तसा का वागला, ही नायिका मूर्ख कशी, तुम्हाला मेलं काही कळत नाही, तुलाच कळत नाही. आता काकू वर सगळं बोलून मोकळ्या होऊन यायच्या. घरी बोलायला काही उरायचंच नाही. सव्वाआठ ते साडेनऊ त्या मुकाट्याने घड्या घालत आणि काका कालचंच वर्तमानपत्र वाचत. बायको आपल्याला सोडून चार मजले वर गेली आहे, रोज तासभर का होईना, हे काकांना फार लागलं.

दुसरा एखादा असता तर वर जाऊन म्हणाला असता, चल घरी, मी नाही बोलणार. पण काका निरीक्षक होते. यंत्रात दोष असेल तर यंत्र दुरुस्त करायचं, दोष दाखवणाऱ्याने तोंड मिटायचं नाही, ही त्यांची शिकवण. त्यांनी विचार केला. आपण ओरडतो कारण लिफ्ट चुकीची आहे. लिफ्ट बरोबर झाली की आपण ओरडणार नाही. आपण ओरडलो नाही की ही घरी बसून बघेल. तेव्हा मालिका दुरुस्त करणं हा एकच मार्ग आहे. हा विचार त्यांना इतका निर्दोष वाटला की त्यांनी तो दोनदा तपासला.

पत्र चार पानी झालं. वर विषय, त्याखाली संदर्भ, त्याखाली भाग क्रमांकासह एकोणीस आक्षेप, आणि सोबत दाराच्या कुलपाची तीन बाजूंनी काढलेली आकृती. सेक्रेटरी म्हणाले, "काका, आजकाल पत्र कोण वाचतं? फोनवर टाका दोन ओळी." तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "एकोणीस आक्षेप जास्त होतात. मी मुलांच्या प्रगतिपुस्तकात तीनच लिहायचो, पालक घाबरून जायचे." काकांनी दोघांचं ऐकलं आणि पत्र मालिकेच्या कचेरीला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवलं.

बारा दिवसांनी उत्तर आलं. पोस्टमनने सही घेतली तेव्हा खाली सेक्रेटरी, मुख्याध्यापक आणि आणखी दोघे लिफ्टची वाट बघत उभे होते, म्हणून काकांनी पाकीट मुद्दाम सगळ्यांसमोर फोडलं. आतून राजपुत्राचा रंगीत फोटो निघाला. त्यावर सोनेरी शाईत लिहिलं होतं, 'तुझीच वाट पाहतोय, दहाव्या मजल्यावर.'

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला आणि परत घालून फोटो पुन्हा वाचला.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी 'स्मरणपत्र क्रमांक एक' पाठवलं. उत्तरादाखल एक कप आला. त्यात गरम चहा ओतला की बाहेरून राजपुत्र उगवायचा. 'स्मरणपत्र क्रमांक दोन' गेलं, त्यात 'अंतिम' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. त्यावर लव्हेंडरच्या वासाचं निमंत्रण आलं: एवढ्या प्रेमाने वारंवार पत्र लिहिणारे आमचे प्रेक्षक दुसरे नाहीत, सबब आपली 'महिन्याचा लाडका प्रेक्षक' म्हणून निवड झाली आहे, चित्रीकरण बघायला अवश्य यावं. तक्रार दाखल करून घ्यायची पद्धतच त्या कचेरीत नव्हती. आलेलं प्रत्येक पत्र हे प्रेमपत्रच, असा तिथला समज होता.

दरम्यान प्रकरण इमारतीपर्यंत येऊन पोचलं. इमारतीची लिफ्ट तशी म्हातारी, पण काकांच्या धाकात वागायची. तिला एकाएकी काय झालं कळेना. दर दोन दिवसांनी मधेच थबकायची. चौकशीअंती उघड झालं की लोक डोळे मिटून चार आणि सात ही बटणं एकदम दाबत होते. इमारत सात मजली, त्यामुळे दोन्ही बटणं हजर होती. सेक्रेटरींनी पाटी लावली: 'लिफ्टमध्ये कृपया डोळे मिटू नयेत.' त्याच संध्याकाळी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि काकांनी किल्लीने दार उघडलं तर आत मुख्याध्यापक.

"हात लागला हो चुकून," मुख्याध्यापक म्हणाले.

"दोन्ही बटणांना?"

"दोन हात आहेत मला," मुख्याध्यापक म्हणाले आणि ताठ मानेने जिना उतरून गेले. लिफ्टला विश्रांती म्हणून काकांनी ती पंधरा दिवस बंद करवली. काकू तरीही उशी घेऊन जिन्याने वर जातच राहिल्या. म्हणजे गुडघे दुखत असताना चार जिने चढायला ही बाई तयार होती, पण घरच्या खुर्चीत बसायला नाही.

मग मात्र काका इस्त्रीचे कपडे करून, खिशाला दोन पेनं लावून, चित्रीकरणाच्या जागी गेले. दारावरच्या मुलीने त्यांना एक अर्ज दिला. त्यात 'आवडता प्रसंग' अशी एक रिकामी जागा होती आणि तक्रारीसाठी कुठेच जागा नव्हती. काकांनी आवडत्या प्रसंगात 'भाग त्रेचाळीस, दार उघडे' असं लिहिलं. मुलगी म्हणाली, "अय्या, माझाही तोच!" आणि त्यांना आत सोडलं.

आत जी लिफ्ट होती ती बघून त्यांना भडभडून आलं. प्लायवूडची एक पेटी. वर दोर नाही, खाली खड्डा नाही; वरखाली व्हायची ती फक्त कॅमेऱ्यात. दोन बाजूंना दोन कामगार उभे राहून दार दोरीने ओढत, आणि डावीकडचा रोज उशीर करत असे. एवढंच कारण. बेचाळीस भागांचा मनस्ताप, तीन पत्रं, एक कप आणि बायको, सगळं त्या डाव्या दोरीमुळे गेलं होतं. काकांनी कोट काढला, त्या दोघांना ओळीत उभं केलं आणि अर्धा तास त्यांच्याकडून दार ओढण्याची तालीम करून घेतली.

तिथेच त्यांना मालिकेची लेखिका भेटली. केसांत पेन्सिल खोचलेली, डोळे लाल झालेली. उद्याचा भाग ती आज लिहीत होती आणि तिला काही सुचत नव्हतं. तिने काकांना खुर्ची दिली आणि विचारलं, "काका, खरी लिफ्ट अडकते तेव्हा काय होतं?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न काकांना कोणी आपणहून विचारला नव्हता. ते दोन तास बोलले. दोर एक नसतो, चार असतात. वेग वाढला तर पकड आपोआप बसते. खाली स्प्रिंगा असतात. हवेला भोकं असतात. अशा सुरक्षिततेच्या आठ गोष्टी त्यांनी बोटांवर मोजून सांगितल्या. लेखिका लिहून घेत होती. मग तिने विचारलं, "तुम्ही स्वतः कधी अडकलात?"

"एकदा. लग्नाला वर्ष झालं होतं, बायको बरोबर होती. एक तास दहा मिनिटं. ती फार घाबरली होती. मी तिला याच आठ गोष्टी समजावून सांगितल्या, मग रडायची थांबली. पद्धतशीर माहिती दिली की माणूस घाबरत नाही." एवढं सांगून काका पुन्हा दाराकडे वळले.

घरी आल्यावर ते काकूंना म्हणाले, "अर्धा तास तालीम घेतली, मालिका दुरुस्त झाली. सोमवारपासून घरी बसायला हरकत नाही."

"बघू," काकू म्हणाल्या. सोमवारी उशी घेऊन त्या वरच गेल्या. काकांनी एकट्याने टीव्ही लावला.

दार वेळेवर लागलं. काकांचा ऊर भरून आला. आणि त्या लागलेल्या दारातून बाहेर आला एक नवा माणूस: जाड भुवया, खिशाला दोन पेनं, हातात टॉर्च. पार्श्वसंगीत भेसूर झालं. तो म्हणाला, "दहाव्या मजल्याला मंजुरी नाही," आणि त्याने लिफ्टला सील ठोकलं. खाली नायिका कोसळली, वर राजपुत्र कोसळला. मालिकेला नवा खलनायक मिळाला होता आणि तो उद्वाहन निरीक्षक होता.

त्या आठवड्यात काकांना घराबाहेर पडणं मुश्कील झालं. सेक्रेटरी जिन्यात म्हणाले, "काय काका, दोन प्रेमी जिवांमध्ये आलात?" मुख्याध्यापकांनी नमस्कार बंद केला. डॉक्टरीणबाई तोंडावरच म्हणाली, "काका, तीनशे वर्षं थांबला हो तो! एक सही करून टाका ना!" तिच्याकडे आलेल्या दाढेच्या एका रोग्याने तर काकांना बघून, तोंडात कापूस असतानाही, काहीतरी अपशब्द काढला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्यांच्या हाताखालच्या एकाही लिफ्टमध्ये माणूस दगावला नाही, त्यांना आता लोक जिन्यात वाट देईनात. आम्ही दारं लावली म्हणून तुम्ही जिवंत आहात, असं सगळ्यांना ओरडून सांगावं असं काकांना वाटे. पण ऐकायला घरात कोणी नव्हतं.

शुक्रवारी दुपारी काकूंनी बॅग काढली.

"मी ताईकडे जातेय उद्या. मालिका संपेपर्यंत."

"कधी संपणार आहे ती?"

"ते तुमच्या सहीवर आहे म्हणे," काकू म्हणाल्या. "इथे ज्या घरात बसावं तिथे लोक माझ्याकडे बघतात. निरीक्षकाची बायको! ताईकडे निदान कोणी ओळखत नाही."

"अगं, पण मी हे सगळं तू घरी बसावीस म्हणून केलं!" काकांचा आवाज चिरकला. "दार नीट लागलं असतं तर मी ओरडलो नसतो, मी ओरडलो नसतो तर तू—"

"अहो, गप्प बसता आलं असतं की," काकू म्हणाल्या आणि बॅगेत उशी भरायला लागल्या. उशी मावेना, म्हणून ती बाहेर राहिली. सात वीसला तीच घेऊन त्या शेवटचं म्हणून वर गेल्या.

काका टीव्हीसमोर बसले. लावावा की नाही अशा विचारात दहा मिनिटं गेली. मग संतापाच्या भरात लावला. बघतात तर पडद्यावर तोच निरीक्षक, पण तरुणपणीचा. लिफ्ट अडकली आहे, आत त्याची नवी नवरी रडते आहे, आणि तो तिला सांगतो आहे, "दोर एक नसतो, चार असतात. वेग वाढला तर पकड आपोआप बसते." एकेक करत आठ गोष्टी. आवाज काकांचा नव्हता, पण शब्द त्यांचेच होते. बासरी चालू होती आणि या वेळी ती काकांना खटकली नाही.

जाहिराती लागल्या आणि जिन्यात पावलं वाजली. दार उघडून काकू आत आल्या. भाग अर्धा टाकून, बंद लिफ्टमुळे चार जिने उतरून, धापा टाकत.

काकांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "दमलीस का?"

काकू जागच्या जागी थांबल्या. काकांकडे नीट बघितलं. काकांना आपण काय बोललो ते जरा उशिराच लक्षात आलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"हे तुम्ही सांगितलंत त्यांना?" काकूंनी पडद्याकडे बोट केलं.

"मी फक्त तांत्रिक माहिती दिली."

"तो नुसता बोलतोय. तुम्ही माझा हात धरून ठेवला होतात. एक तास दहा मिनिटं. ते नाही सांगितलंत?"

"ते..." काका अडखळले. "ते सुरक्षिततेच्या उपायांत येत नाही."

"माझ्यासाठी तेवढंच होतं," काकू म्हणाल्या. "तुमच्या दोरांतलं मला तेव्हाही काही कळलं नव्हतं."

काकांना इतक्या वर्षांनी प्रथमच कळलं की त्या दिवशी लिफ्टमध्ये आठ नाही, नऊ गोष्टी होत्या. काकूंनी खुर्चीत उशी ठेवली, तिच्यावर दोन थापट्या मारल्या आणि त्या बसल्या. जाहिराती संपल्या.

पडद्यावर एक तास दहा मिनिटं झाली. वीज आली. निरीक्षकाने बायकोचे डोळे पुसले आणि लिफ्ट वर निघाली. निघाली ती सताड उघड्या दारानिशी. डाव्या बाजूचा तो कामगार पुन्हा उशिरा ओढत होता. त्याचा कोपरसुद्धा दिसला.

काकांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. शब्द घशापर्यंत आले होते. त्यांनी ते गिळले. पायाची बोटं आवळली, डोळे मिटले, श्वास रोखला. बाजूला काही हालचाल झाली म्हणून त्यांनी एक डोळा किलकिला केला. काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या.

"अहो, दार!" काकू ओरडल्या. "दार उघडं आहे मेल्यांचं! एवढं समजावून आलात तुम्ही, अर्धा तास तालीम घेतलीत, तरी तेच? लाज नाही वाटत का यांना?"

"भाग अठ्ठ्याहत्तर," काका कापऱ्या आवाजात म्हणाले. "लिहितो. आत्ताच लिहितो." आणि ते पेन शोधायला उठले.

काकूंनी त्यांचा हात धरला.

"पत्र उद्या लिहू. आत्ता बसा."